बेगड, मुलामा, गिलीट आणि मलायात पोचलेलं आपलं तांबं

शिरपूरच्या एका वाचकाने विचारलंय की लग्नासाठी आणतात त्या खोट्या दागिन्यांना 'बेगडी दागिने' म्हणणं बरोबर का, आणि इंग्रजीत ज्याला पिंचबेक म्हणतात त्या हुबेहूब सोन्यासारख्या दिसणाऱ्या तांब्याच्या मिश्रधातूला मराठीत नेमका शब्द कोणता. सोबत आजीचं वाक्य दिलंय, 'हाई सोनं नही, पितय शे.' आजी अगदी बरोबर बोलल्या. अडाणी बोललाय तो बातमीदार, ज्याचं 'बेगडी सोने देऊन महिलेची फसवणूक' हे हेडिंग त्यांनी पाठवलंय, आणि असली हेडिंगं मी सारखी वाचतो म्हणून आज लिहायलाच बसलो.

बेगड म्हणजे चकचकीत पातळ वर्ख, कथलाचा, बहुतेकदा रंग दिलेला. बाशिंगाला लावतात, मखराला लावतात, ताबुताला लावतात. लांबूनच कळतं की ही सजावट आहे, बेगड दाखवून कोणाला सोनं म्हणून फसवता येत नाही. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती खुशाल म्हणा, लाक्षणिक अर्थ पक्का रुळलाय. पण फसवणुकीत जी चेन दिली जाते ती बेगडाची नसते हो, ती पितळेची असते आणि वरून पॉलिश मारलेलं असतं. त्याला मराठीत मुलामा म्हणतात. अरबीतून आलेला शब्द, त्याच्या मुळाशी चमकणं आहे. गिलीट तेच, फक्त इंग्रजी गिल्टवरून आलेलं. बाजारात आता 'वन ग्रॅम', 'फॉर्मिंग', 'बेंटेक्स' म्हणतात, चालू द्या, पण हे सगळे शब्द वरच्या थराचे आहेत किंवा थर दिलेल्या मालाचे आहेत एवढं लक्षात ठेवा.

पिंचबेकला थरच नसतो. ख्रिस्तोफर पिंचबेक हा लंडनचा घड्याळजी, १७३२ साली वारला. त्याने तांबं आणि जस्त अशा बेताने मिसळलं की कानशीने घासा, मधोमध कापा, आतबाहेर एकच रंग. तांबं साधारण ८३ ते ८९ टक्के, बाकी जस्त. सगळा खेळ जस्ताच्या प्रमाणाचा आहे. पाच टक्के घातलं तर तांबूसपणा जात नाही, तीसच्या पुढे गेलं की आपल्या हंड्याकळशीचं पिवळं पितळ होतं, आणि मधल्या दहा ते वीसच्या पट्ट्यात कुठेतरी सोन्याचा भास होतो. म्हणजे 'पितळ उघडं पडलं' हा आपला वाक्प्रचार मुलाम्याला शोभतो, पिंचबेकचं काय उघडं पडणार, ते आत जे आहे तेच बाहेर आहे. बिचाऱ्याचं आडनाव मात्र इंग्रजीत 'नकली' या अर्थाचं विशेषण होऊन बसलं.

'हिणकस' पण इथे नको. हिणकस म्हणजे हीन कसाचं, आणि कस लागायला मुळात सोनं असावं लागतं. जळगावच्या सराफ बाजारात जुना सराफ अजून काळ्या दगडावर दागिना ओढून दाखवतो. पिवळी रेघ उमटते, खऱ्याची आणि खोट्याची तेव्हा सारखीच दिसते. मग काचेच्या काडीने तेजाबाचा थेंब टाकतो. पितळेची रेघ हिरवट होत क्षणात पुसली जाते, सोन्याची तिथेच राहते, आणि भेसळीचं सोनं असेल तर रेघ फिकी पडते पण पूर्ण जात नाही. ही फिकी पडणारी रेघ म्हणजे हिणकस. पुसली गेली त्याला हिणकस म्हणणं म्हणजे त्यात सोनं होतं असं कबूल करणं. तो दगड म्हणजे संस्कृतातली कषपट्टिका, जिची झिजत झिजत कसोटी झाली. आपण ती क्रिकेटच्या मॅचला दिली आणि दगड विसरलो.

आता नेमका शब्द. सोनपितळ म्हणा. छान मराठी शब्द आहे, ऐकताच कळतो. 'सुवर्णाभ मिश्रधातू' असले परिभाषेचे दगड कृपा करून कोणाच्या डोक्यात घालू नका.

पण खरी मजा पिंचबेकमध्ये नाहीच, त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या नावात आहे. याच जातीच्या, जस्त कमी असलेल्या पितळेला युरोपात टॉम्बॅक म्हणतात. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचातून, फ्रेंचात पोर्तुगीज तांबाकावरून, आणि पोर्तुगीजांनी उचलला मलेशियाकडच्या मलाय भाषेतून, तिथे तेम्बागा म्हणजे तांबं. आणि मलायात कुठून आला? आपल्याकडून! तेम्बागा म्हणजे आपलं तांबंच. युरोपातला कारागीर टॉम्बॅकची बटणं घडवत होता तेव्हा तो धुळ्याच्या कासाराचाच शब्द उच्चारत होता, फक्त अर्धं जग फिरून आलेला.

इथे कोशकार मंडळी 'संस्कृत ताम्रक' लिहून मोकळी होतात. माझं त्यांच्याशी इथेच भांडण आहे. तेम्बागात तो ब कुठून आला? ताम्रकात ब नाही. म आणि र च्या मध्ये ब शिरणं ही प्राकृतातली चाल आहे, आम्रचा आंबा झाला तसंच ताम्रचं तांबं. मराठीत तांबडा, तांबूस, गव्हावरचा तांबेरा, सगळीकडे तो ब आहे. (तांबोळी यात धरू नका, तो तांबूलवाला, त्याचा ब आधीपासूनचा.) शेवटच्या क चा ग होणं हेही प्राकृताच्याच वळणाचं. म्हणजे शब्द मलायात गेला तो बाजारात बोलला जाणारा, पोथीत लिहिलेला नव्हे. नेला तो मालाची गाठोडी घेऊन जहाजात बसणाऱ्या व्यापाऱ्याने, पंडिताने नाही. कोणी म्हणेल मलायातल्या लोकांनी आपल्या जिभेच्या सोयीने ब घातला असेल. घालू शकतात, पण जो बदल आपल्या बोलीत आधीच झालेला दिसतो तो दुसऱ्या देशात योगायोगाने पुन्हा झाला असं मानायचं कशाला? कोशात 'संस्कृत' लिहिलं की काम संपलं ही सवय मला अजिबात पटत नाही, त्यात बोलणाऱ्या माणसांचं श्रेय जातं.

आणि परतफेड पण झाली बघा. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आपण कल्हई करतो. कल्हई म्हणजे कथलाचा लेप, शब्द अरबीतल्या कलई म्हणजे कथील यावरून. जुने अरब भूगोलकार कलाह नावाच्या ठिकाणाजवळ कथलाच्या खाणी सांगतात, आणि ते ठिकाण मलाक्काच्या किनाऱ्याकडे होतं, कदाचित आजचं केदाह, असं बऱ्याच जाणकारांचं मत आहे. मला ते पूर्ण पटतं. म्हणजे आपण त्यांना तांब्याचा शब्द दिला आणि त्यांच्याकडून, अरबांच्या मार्फत, कथलाचा घेतला! तांबं आणि कथील मिसळलं की कासं होतं, इथे दोन्ही शब्दांनी समुद्र ओलांडला. काही विद्वान कल्हई हा निव्वळ अरबी शब्द म्हणून तिथेच थांबतात. थांबू नये, कथील अरबस्तानच्या वाळूत निघत नव्हतं.

खानदेशचा याच्याशी संबंध काय असं कोणी विचारेल, तर सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार करत आपल्या तापीच्या खोऱ्यातूनच जायचा. सतराव्या शतकात डच कंपनी जपानचं तांबं आणून सुरतेला विकत होती. त्यातलं तांबं बैलांच्या पाठीवर या रस्त्याने आलं असणार आणि आपल्या कासारांच्या भट्टीत पडलं असणार, असं माझं ठाम मत आहे. ज्या डचांच्या जहाजांत तांबं होतं त्यांच्याच तोंडी मलायातलं नाव पण होतं. धातू आणि शब्द एकाच गाठोड्यातून फिरतात, हे कोश लिहिणाऱ्यांनी मनावर घेतलं पाहिजे.

उलट टोकाच्या लोकांनाही सांगून ठेवतो. इंग्रजी सल्फर हा 'शुल्बारि' म्हणजे तांब्याचा शत्रू यावरून आला असं ठणकावून सांगणारे भेटतात. शुल्ब म्हणजे तांबं हे खरं, बाकी नुसता आवाज जुळवलेला आहे. लॅटिन लोकांनी हीच चूक केली होती, ग्रीक ओरेइखाल्कोस म्हणजे डोंगरातलं तांबं, त्यांना त्यात ऑरुम म्हणजे सोनं ऐकू आलं आणि त्यांनी शब्दच ऑरिखाल्कुम करून टाकला. तांब्यात सोनं बघायची हौस जुनी आहे. आपल्या रसग्रंथांतही, म्हणजे पारा-धातूंच्या किमयेच्या जुन्या पोथ्यांत, रसक, म्हणजे जस्ताचं खनिज, तांब्याला सोनं बनवतं असं लिहिलंय, झालं होतं ते पितळ. टॉम्बॅकचा रस्ता मात्र प्रत्येक मुक्कामावर दाखवता येतो, सल्फरचा नाही, फरक एवढाच आणि तोच महत्त्वाचा.

जाता जाता, दहा रुपयांच्या नाण्याच्या पिवळ्या कड्याला पितळी म्हणू नका. त्यात ९२ टक्के तांबं, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि २ टक्के निकेल आहे, जस्त नावालाही नाही, आणि जस्ताशिवाय पितळ होत नाही. युरोच्या दहा, वीस, पन्नास सेंटच्या नाण्यांच्या धातूला तर 'नॉर्डिक गोल्ड' नाव दिलंय आणि त्यात सोन्याचा कण नाही.

जस्त कमीजास्त केलेल्या पितळेला आपल्याकडचे जुने कासार वेगवेगळ्या नावांनी ओळखायचे का, हे मला हवंय. धुळे, फैजपूर, चोपडा, शहादा, कुठलेही चालतील. कोणाच्या घरात भट्टी होती, ओतकाम होतं, त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून तो शब्द जसा उच्चारतात तसाच लिहून पाठवा, अहिराणीत असेल तर अहिराणीतच.