मांड्या अजून दुखतायत, तरी आज व्यायाम करू का?

करा, पण आज मांड्यांवर जोर येईल असं काही करू नका.

तुम्ही लिहिलंय की परवा जिममध्ये पहिल्यांदाच स्क्वॉट (म्हणजे बैठका) आणि लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) मारले, कालच्यापेक्षा आज जास्त दुखतंय, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय, आणि ट्रेनर म्हणतोय, "तेच परत मार, दुखणं पळून जाईल." त्याचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळेच इजा होऊ शकते.

तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं म्हणून घाबरू नका. असं दुखणं साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होतं, 24 ते 72 तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं आठवड्याच्या आत जातं. लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं म्हणून दुखतं, हे जिममध्ये अजूनही सर्रास सांगतात. ते खरं नाही. लॅक्टिक अ‍ॅसिड तासाभरात निघून जातं. स्नायू वजन पेलत असतानाच लांबत जातो, तेव्हा त्याच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते, मग सूज येते आणि ती जागा हुळहुळी होते. बैठकीत खाली जाताना नेमकं हेच घडतं. सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे.

हालचाल केली की दुखणं कमी वाटतं, एवढं ट्रेनरचं खरं. पण ते तेवढ्यापुरतंच; अंग थंड झालं की परत दुखतं, आणि आतली दुरुस्ती काही त्यामुळे आटपत नाही. शिवाय भरलेल्या स्नायूत नेहमीची ताकद नसते. वजन उचललंत तर शरीर नकळत भार गुडघ्यांवर, कमरेवर ढकलतं. मला काळजी वाटते ती याची.

म्हणून आज सपाट रस्त्यावर अर्धा तास चाला, हलकी सायकल चालवा, किंवा खांदे-पाठीचा व्यायाम करा. स्ट्रेचिंगने बरं वाटत असेल तर जरूर करा, मात्र दुखणं कमी व्हायला त्याचा उपयोग फारच थोडा होतो, हे अभ्यासांतून दिसलंय. झोप पुरेशी घ्या आणि जेवणात डाळ, अंडी, दही यातलं काहीतरी असू द्या. वेदनाशामक गोळ्या घेऊन व्यायामाला जाऊ नका. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात.

आता एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या खूप सुजल्या, पायात त्राणच राहिलं नाही, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फार मोडले की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. क्वचितच होतं, पण सवय नसताना ईर्षेने शेकडो बैठका मारणाऱ्या तरण्याताठ्या मुलांनाही झालेलं आहे. तसंच व्यायाम चालू असतानाच एका जागी कळ आली किंवा सांधा सुजला, तर ते हे दुखणं नव्हे. तेही दाखवून घ्या.

मांड्यांचा व्यायाम परत कधी करायचा? कठडा न धरता जिना उतरता आला की वजन न घेता दहा बैठका मारून बघा. मारता मारता पाय मोकळे होत गेले तर पुढे जा, दुखणं वाढत गेलं तर आणखी एक दिवस थांबा. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की स्नायू पहिल्याइतके दुखत नाहीत, आणि ही सवय काही आठवडे टिकते. त्यासाठी पहिला डोस मोठा लागतो असंही नाही, थोडक्या बैठकांनीही ती लागते. तालमीतला जाणता वस्ताद नव्या पोराला आधी मोजक्याच बैठका देतो आणि मग हळूहळू वाढवतो; जिमपेक्षा मला तीच पद्धत पटते. ट्रेनरला स्पष्ट सांगा की पुढच्या वेळी दोनच सेट, वजन परवाच्या निम्मं, आणि वाढवायचं की नाही ते दोन दिवसांनी मांड्या कशा आहेत त्यावर ठरवू.