जुन्या बाकीसाठी गॅरेजवाला गाडी अडवू शकतो का?

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावात राहतो. गाडीत तयार कपडे भरून चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी भागातले आठवडी बाजार करतो, घर त्यावरच चालतं. गाडी जुनी डिझेल. क्लच घसरायला लागला म्हणून कोल्हापुरातल्या एका गॅरेजला दिली. तोंडी खर्च २१,००० सांगितला. गिअरबॉक्स उतरवल्यावर फोन आला, "फ्लायव्हील पण गेलंय, नवीन टाकतो, एकूण ४० होतील." (फ्लायव्हील म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक.) मी म्हणालो, "जमेल तेवढ्यात बसवा." २८,००० यूपीआयने दिले, १२,००० बाकी ठेवून गाडी आणली. महिनाभरात पहिल्या गिअरला गाडी थरथरायला लागली, तवंदीच्या घाटात क्लच पुन्हा घसरला. परत नेली तर म्हणतात, तुम्ही हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून चालवता, प्लेट जळणारच. "आधी १२,००० टाका, नाहीतर गाडी हलणार नाही, दिवसाला २०० भाडं चढंल." तिथला एक पोरगा हळूच म्हणाला की फ्लायव्हील जुन्या गाडीचं, लेथवर घासून बसवलंय. बिल म्हणून वहीतला कागद दिलाय. केए (कर्नाटक) पासिंगवाल्याची तक्रार कोल्हापुरात चालत नाही, असंही ऐकवतात. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. रात्री जाऊन गाडी काढून आणू का?

उत्तर : नको. गाडी तुमची असली तरी नको.

भारतीय न्याय संहितेत चोरीची व्याख्या कलम ३०३ मध्ये आहे आणि त्याखालच्या दृष्टांतांमध्ये नेमका तुमच्यासारखा प्रसंग आहे. एक माणूस आपलं घड्याळ दुरुस्तीला देतो. कारागिराचं काही देणं नसताना त्याने ते उघडपणे ओढून नेलं, तर ती चोरी नाही. पण दुरुस्तीचे पैसे द्यायचे असतील, कारागिराने घड्याळ हक्काने तारण म्हणून ठेवलं असेल आणि ते तारण बुडवायला मालकानेच ते उचललं, तर मालकावरही चोरीचा गुन्हा होतो. तुमच्या बाबतीत गॅरेजवाल्याचा तसा हक्क उरलेला नाही असं माझं मत आहे, ते पुढे सांगतो. पण ते सिद्ध व्हायच्या आधी रात्री फाटक उघडून गाडी काढलीत, तर फिर्यादी तो होईल आणि आरोपी तुम्ही. हातातला चांगला दावा असा घालवू नका.

आता हक्काचं. करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर मेहनत आणि कसब लावून ठरलेलं काम केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. हा हक्क खरा आहे, म्हणून गॅरेजवाले इतक्या ठामपणे बोलतात. पण तो टिकतो ताब्यावर. ताबा सुटला की हक्क सुटला. पहिल्या वेळी १२,००० बाकी असताना त्यांनी गाडी आपखुशीने तुमच्या हवाली केली, त्या क्षणी त्या कामासाठी गाडी अडवायचा अधिकार संपला. पुढे गाडी तक्रार घेऊन परत दारात आली म्हणून तो जिवंत होत नाही. मागच्या कुठल्याही बाकीपोटी हातात आलेली कुठलीही वस्तू धरून ठेवायचा व्यापक हक्क कलम १७१ मध्ये आहे, पण तो बँका, फॅक्टर (दुसऱ्याचा माल ताब्यात घेऊन विकणारे दलाल), धक्क्यावरचे गोदामवाले, हायकोर्टाचे अॅटर्नी आणि पॉलिसी ब्रोकर (विमा दलाल) यांच्यापुरता. गॅरेज त्यात येत नाही, वेगळा करार केला असेल तरच. दुसऱ्या खेपेला त्यांनी खरंच काही नवीन काम केलं असेल, तर त्या कामाच्या मजुरीपुरता मुद्दा ते काढू शकतील. आपलंच बिघडलेलं काम तपासायला गाडी ठेवून घेणं हे नवीन काम नव्हे.

दिवसाला २०० चं भाडंही आधी ठरलेलं नसेल, तर मागता येत नाही. स्वतःच्या वसुलीसाठी गाडी अडवायची आणि जागेचं भाडं मालकावर चढवायचं, हे चालत नाही. पुढे कधी गाडी विकण्याची धमकी दिली तर घाबरू नका. दुरुस्ती करणाऱ्याला कलम १७० गाडी विकायचा अधिकार देत नाही.

मात्र १२,००० ची बाकी त्यामुळे माफ झाली असं समजू नका. काम नीट झालं असेल तर ते मागायचा त्यांना हक्क आहे, फक्त गाडी अडवून नव्हे.

तुमची खरी अडचण मला कळते. बाजार बुडतायत, आणि कायदा बरोबर असून पोट भरत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला थोडा कडू लागेल. रक्कम जुळवता आली तर १२,००० भरा आणि गाडी ताब्यात घ्या, पण हरकत नोंदवून. पैसे यूपीआयनेच द्या आणि त्याच मिनिटाला व्हॉट्सअॅपवर लिहा : "गाडी अडवून ठेवल्यामुळे नाइलाजाने, हक्क राखून ही रक्कम देत आहे. काम सदोष आहे, फ्लायव्हीलबद्दल माझी तक्रार कायम आहे." करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की दडपणाखाली दिलेले पैसे परत मागता येतात. त्यातलं उदाहरण रेल्वेचं आहे : बेकायदा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही म्हणून व्यापाऱ्याने भरला, तर जास्तीचे पैसे त्याला परत मिळतात. रोजच्या २०० चं भाडं मात्र देऊ नका. पैसे जुळतच नसतील तर ग्राहक आयोगात तक्रारीबरोबर अंतरिम अर्ज द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८(८) खाली आयोग प्रकरण चालू असताना गाडी सोडण्याचा हुकूम देऊ शकतो.

धंद्याची गाडी म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा बचाव ते नक्की घेतील. कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळली आहे, पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी केलेला धंदा त्या वगळण्यात येत नाही. एकट्याने गाठोडी उचलून बाजार करणारा माणूस या सवलतीत बसतो. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे स्पष्ट लिहा.

आता फ्लायव्हील. इथे तुमचंच एक वाक्य तुम्हाला नडू शकतं : "जमेल तेवढ्यात बसवा." ते म्हणतील, गिऱ्हाइकाला स्वस्तात हवं होतं, म्हणून जुनं बसवलं. जुना पार्ट बसवणं हा गुन्हा नाही. बजेट कमी असताना सांगून-सवरून जुना पार्ट घेणारे पुष्कळ असतात आणि त्यात गैर काही नाही. पण जुनं किंवा घासून तयार केलेलं नवीन म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात येते. तुमच्या कागदावर क्लच सेट १३,०००, फ्लायव्हील १९,०००, मजुरी ८,००० असं आहे. फ्लायव्हीलपुढे "नवीन" लिहिलेलं नाही. मग "नवीन टाकतो" हे फक्त कॉलवर बोलले की व्हॉइस मेसेजही आहे, हे फोनमध्ये शोधा. मेसेज सापडला तर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. प्रिंट जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाइलमधला पुरावा अस्सल असल्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा मसुदा वकील करून देईल.

त्या पोराला साक्षीला ओढू नका. त्याची नोकरी जाईल, आणि आयोगासमोर तो उभा राहीलच असं नाही. साक्ष गाडीच देईल. गाडी सुटली की ती चालवत न्यायच्या फंदात न पडता टोइंग करून दुसऱ्या, शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. गिअरबॉक्स उतरवण्याआधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा : अमुक दिवशी उघडतोय, हजर राहा. उतरवताना सलग व्हिडिओ घ्या. क्लच प्लेट तेलाने ओली दिसली, तर क्रँकचा ऑइल सील (इंजिनाचं तेल अडवणारी कडी) गळत असण्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्स खाली असताना तो सील बघणं आणि गरज असेल तर बदलणं हे मेकॅनिकचं काम होतं, तिथे हाफ क्लचची सबब टिकत नाही. प्लेट कोरडी पण काळी पडलेली, फ्लायव्हीलवर निळे डाग, असं असेल तर जास्त उष्णता झाली आहे. ती चालवण्याच्या सवयीने होते, तशी प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) नीट न बसल्यानेही होते. म्हणून कारण लेखी मागा, अंदाज नको. तुमच्या गाडीला डुअल मास फ्लायव्हील आहे का, हेही विचारा. त्यात दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा असतात. कंपन्या सहसा ते लेथवर घासू देत नाहीत, खराब झालं तर बदलायलाच सांगतात. साधं एकसंध फ्लायव्हील मात्र मर्यादेत घासता येतं. घासल्याच्या खुणा, पार्ट नंबर, स्प्रिंगांचा ढिलेपणा यांचे जवळून फोटो आणि मेकॅनिकचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. काढलेले पार्ट घरी आणून पोत्यात बांधून ठेवा, भंगारात देऊ नका. आयोगाला ते ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली तपासणीला पाठवता येतात.

अहवालात दोष चालवण्याचा निघाला, तर क्लचची भरपाई मागू नका. नव्याच्या दराने जुनं फ्लायव्हील विकलं, एवढीच तक्रार ठेवा. तीही पुरेशी आहे.

केए पासिंगचं म्हणणं निखालस खोटं आहे. ग्राहक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे समोरचा जिथे धंदा करतो तिथे, तक्रारीचं कारण जिथे घडलं तिथे, किंवा तक्रारदार जिथे राहतो वा काम करतो तिथे तक्रार करता येते. म्हणजे बेळगावचा जिल्हा आयोगही तुमचा आणि कोल्हापूरचाही. दोन्हीकडे एकदम करता येत नाही, एक निवडावा लागतो. मी बेळगावला वकिली करतो, तरी तुम्हाला कोल्हापूरच सुचवीन. निपाणीहून ते जवळ, गॅरेज तिथे, आणि निकालानंतर वसुलीही तिथल्या तिथे. शिवाय तुमचे मेसेज, कागद, सगळं मराठीत आहे. बेळगावला कामकाज कन्नड-इंग्रजीत चालतं, प्रत्येक कागदाचं भाषांतर जोडायचा खर्च वाढेल. पण प्रकृतीमुळे किंवा इतर कारणाने बेळगावच सोयीचं असेल तर तो हक्क पूर्ण तुमचा आहे, कुणी नाकारू शकत नाही.

दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, पण पार्ट आणि आठवणी ताज्या असताना करा. ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. कधी कधी तेवढ्यानेच माणूस बोलायला तयार होतो.

मागणी बेताची ठेवा : फ्लायव्हीलचे १९,०००, पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी, टोइंग, सदोष ठरल्यास क्लच सेटची किंमत, आणि बुडालेल्या बाजारांची भरपाई. बाजारांसाठी बाजारकर भरल्याच्या जुन्या पावत्या, कपड्यांच्या खरेदीची बिलं, यूपीआयचा जमा तपशील जोडा. पुराव्याशिवाय लाखाचा आकडा टाकलात तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

वकिलाची नोटीस जाण्याआधी गॅरेजवाल्यापुढे एक प्रस्ताव ठेवून बघा : नवीन फ्लायव्हील त्यांनी बिलासकट आणायचं, बसवण्याची मजुरी त्यांची, आणि काम झाल्यावर वाद असलेले १२,००० तुम्ही द्यायचे किंवा आधी भरले असतील तर त्यात धरायचे. पक्कं बिल आणि सहा महिन्यांची लेखी गॅरंटी दिली तर हे मान्य करा. उत्तरासाठी ७ दिवस द्या. आठव्या दिवशी कागद घेऊन वकिलाकडे जा.