रुळांच्या जुन्या वाटेवर सायकल आणि कुत्री

प्रश्न : रूळ काढून तयार केलेल्या सायकलवाटेवर माझ्या ३ वर्षांच्या कुत्रीला सोबत पळवत न्यावे का?

उत्तर : अवश्य न्यावे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्याने अशा वाटांचा चढ बहुधा १०० मीटरला २-३ मीटरांपलीकडे जात नाही. मात्र हा सपाटपणाच फसवा असतो, कारण आपल्याला दम लागत नाही आणि कुत्री मात्र मागे पडू नये म्हणून थकली तरी धावतच राहते. कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होते. त्यामुळे जीभ रुंद होऊन लोंबू लागताच सावलीत थांबावे, पाणी पाजावे आणि पंजा उलटा करून बोटांच्या बेचक्यांत अडकलेली खडी काढावी. दोरी हँडलला कधीही बांधू नये. परतीसाठी तिला बसवायला सायकलमागे जोडगाडी असल्यास उत्तमच.