वाचकांचे प्रश्न : सॉर्ग नदीचा उगम

प्रश्न : फ्रान्सच्या नकाशात आव्हिन्योंच्या पूर्वेला सॉर्ग नावाची छोटी नदी एका कड्याच्या पायथ्याशी एकदमच सुरू होते. वर ना ओढा, ना नाला. मग एवढं पाणी येतं कुठून?

उत्तर : पावसाचंच, पण जमिनीखालून. व्हाँतू पर्वत आणि व्होक्लूझचं पठार चुनखडीचं आहे. तिथला पाऊस आणि वितळलेला बर्फ भेगांतून, खोल विवरांतून आत उतरतो, म्हणून वर ओढे टिकत नाहीत. हे पाणलोट क्षेत्र हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातलं बहुतेक पाणी फोंतेन-द-व्होक्लूझ या एकाच तोंडातून बाहेर पडतं. पठारावरच्या विवरांत सोडलेला रंग इथे उमटल्याने हे सिद्ध झालं आहे. अशा उगमांना भूगोलात 'व्होक्लूझी झरा' म्हणतात, ते याच जागेवरून. आत एखादं मोठं तळं असेल, असं बरेच जण समजतात. ते खरं नाही. पाणी साठतं ते खडकातल्या असंख्य भेगांत आणि पोकळ्यांत.

उगमाचं विवर तर विलक्षण आहे. 1985 मध्ये एक यंत्रमानव 308 मीटर खोल, तळापर्यंत पोचला. हा तळ समुद्रसपाटीच्या दोनशेहून जास्त मीटर खाली आहे! सर्वांत पटणारं कारण असं : साठ ते त्रेपन्न लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र बराच आटला होता. त्यामुळे रोन नदीने आपलं पात्र खूप खोल कोरलं, भूजलाची पातळीही तितकीच उतरली आणि त्या खोलीवर चुनखडीत वाटा विरघळत गेल्या. पुढे समुद्र परत भरला, वाटा पाण्याखाली गेल्या.

प्रश्न : उन्हाळ्यात गेलो तर उगम कोरडा दिसेल का?

उत्तर : कुंड खोल गेलेलं दिसेल, नदी मात्र वाहत असेल. पातळी उतरली की पाणी कड्याखालच्या दगडांच्या राशीतून, थोडं खालच्या अंगाला फुटतं. प्रवाह सेकंदाला साधारण 20 घनमीटरच्या पुढे गेला, तरच कुंड काठावरून ओसंडतं. मोठ्या पुरात हाच आकडा शंभरच्या घरात जातो, कडक उन्हाळ्यात चारच्या आसपास येतो. ओसंडणारं पाणी पाहायचं असेल, तर वसंतात किंवा शरदातल्या दमदार पावसानंतर काही दिवसांनी जावं. पाऊस पडला त्याच दिवशी गेलात तर निराशा होईल, कारण पाण्याला खडकातून यायला वेळ लागतो.

प्रश्न : लील-सुर-ला-सॉर्ग गावात इतक्या पाणचक्क्या का?

उत्तर : बारमाही पाण्यामुळे. पाणी वर्षभर बारा-तेरा अंश तापमानाचं राहतं, त्यामुळे हिवाळ्यात चाक गोठण्याचीही भीती कमी. या जोरावर इथे लोकर, रेशीम आणि कागदाचे कारखाने चालले. गावाच्या जरा वर नदी दुभंगते : एक फाटा व्हेलेरोंकडे, दुसरा आँत्रेगकडे. पुढे बेदारीदच्या परिसरात पाणी उवेझला मिळतं आणि उवेझ रोनला.