साडेसात हजार डॉलर हिशोबातून काढून टाक

सौरभ, पुण्याहून न्यू जर्सीला आल्या आल्या इलेक्ट्रिक गाडी घेतली तर साडेसात हजार डॉलरचं टॅक्स क्रेडिट (म्हणजे आयकरातून थेट वजा होणारी सवलत) मिळेल का, असं तू विचारलंयस. नाही मिळणार. जुने व्हिडिओ अजून फिरतायत, पण तुझ्या हिशोबातली ती ओळ आजच खोड.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने नव्या ईव्हीवर, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीवर, ७,५०० आणि जुनीवर ४,००० डॉलरपर्यंत सवलत दिली होती. ती २०३२ अखेरपर्यंत चालायची होती. मे २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात बहुतेक गाड्यांसाठी ती २०२५ च्या अखेरीस संपणार होती. सिनेटने तारीख आणखी अलीकडे ओढली. ४ जुलैला सही झाली आणि शेवटचा दिवस ठरला ३० सप्टेंबर २०२५. लीजवर घेऊन सवलत मिळवायची वाटही त्याच दिवशी बुजली.

मला खरी हळहळ वाटते ती जुन्या गाडीवरच्या सवलतीची. मी मार्च २०२४ मध्ये जुनी शेवी बोल्ट घेतली. तेव्हा मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर होते, घर एका पगारावर. अटी सरळ होत्या: गाडी २५,००० डॉलरच्या आत, डीलरकडूनच घेतलेली, नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न दीड लाखाच्या आत. पहिला डीलर म्हणाला, "क्रेडिट तुम्हीच रिटर्न भरताना मागा." त्याची आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) पोर्टलवर नोंदणीच नव्हती, आणि तिथे विक्रीची नोंद झाल्याशिवाय एक पैसा मिळत नसे. लेकीला परत कारसीटमध्ये बांधलं आणि निघाले. दुसऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून नोंद स्वीकारल्याचं दाखवलं, त्याची प्रिंट हातात दिली आणि १८,६०० मधून ४,००० तिथल्या तिथे वजा केले. नव्याने आलेल्या, क्रेडिट हिस्टरी नसलेल्या माणसाला कर्ज महागच पडतं. त्याच्यासाठी हे चार हजार फार मोठे होते. ते काढून घेणं मला अजिबात पटलेलं नाही.

राज्याचंही ऐक. आपल्याकडे ईव्हीला मोटार वाहन कर माफ असल्याची तुला सवय आहे. इथे उलटं आहे. न्यू जर्सीत ईव्हीला पूर्वी सेल्स टॅक्स नव्हता, १ जुलै २०२५ पासून पूर्ण ६.६२५ टक्के लागतो. शिवाय दरवर्षी ईव्हीची वेगळी फी. जुलै २०२४ मध्ये ती २५० डॉलर होती, दर वर्षी दहाने वाढते. नवी गाडी घेतलीस तर चार वर्षांची एकदम भरायची, म्हणजे हजाराच्या वर.

४ जुलै २०२५ च्या त्या केंद्रीय कायद्यात कारच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट आहे, पण ती अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या गाडीवरच, आणि पेट्रोलच्या गाडीलाही मिळते. त्यासाठी ईव्ही घेऊ नकोस.

तरीही ईव्ही घे असंच मी म्हणेन, पण जुनी घे, आणि राहत्या जागी चार्जिंग असेल तरच. साध्या ११० व्होल्टच्या प्लगवर तासाला तीन-चार मैलच भरतात. रोजचं जाणं-येणं तीस मैलांचं असेल तर रात्रभरात निभतं. जानेवारीत हीटर लावला की रेंज चांगलीच घटते, तेव्हा तेवढी पुरत नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवरच राहिलास तर पेट्रोलपेक्षा फारसं स्वस्त पडत नाही.

म्हणून एडिसनमध्ये अपार्टमेंट बघायला जाशील तेव्हा स्वयंपाकघराआधी पार्किंग दाखवायला सांग. भिंतीवर प्लग आहे का, त्याचं बिल कुणाच्या नावावर येतं, हे विचार आणि सही करण्याआधी मला फोटो पाठव.