गड्याच्या हातावर फोड, म्हशींना लागण होईल का?

जोगेश्वरीच्या एका तबेलेवाल्यांनी विचारलंय, दोन गडी ताप-खोकल्याने पडलेत, तिसऱ्याच्या बोटांवर फोड आलेत, म्हशींना लागेल का, आणि औषधवाल्याने अँटिबायोटिकच्या बाटल्या दिल्यात त्या सगळ्या म्हशींना टोचू का.

टोचू नका. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, फुकटचा खर्च, वर औषध दुधात उतरतं आणि तेच दूध सकाळी गिऱ्हाइकाच्या दारात.

ताप-खोकल्याचं म्हणाल तर म्हशीला माणसाचा फ्लू सहसा लागत नाही. ज्यांची डुकरं आहेत त्यांनी मात्र जपा, 2009 चा स्वाइन फ्लू माणसांकडून डुकरांत गेलेला आहे, खोकणारा माणूस डुकरांकडे पाठवूच नका. कोरोनाचंही तेच, नेदरलँड-डेन्मार्कात मिंक नावाच्या केसाळ जनावरांच्या फार्मात तो 2020 साली माणसांकडूनच घुसला.

तुमच्याकडे मला काळजी आहे ती फोडवाल्याची. म्हशींची देवी, म्हणजे अंगावर फोड आणणारा व्हायरसचा आजार, सडावरून हातावर येते आणि हातावरून पुढच्या सडावर जाते, पूर्वी माणसांना देवीची लस टोचायचे तेव्हा त्या ताज्या फोडावरून गायींच्या सडांना लागण झालेली आहे. मी पाहिलेलं सांगतो, अंगठ्याला चिंधी गुंडाळलेला गडी, तेलाच्या एकाच वाटीत बोटं बुडवत ओळीने म्हशी पिळत चाललाय, आठवड्याने निम्म्या तबेल्याच्या सडांवर खपल्या. त्याला आजच धारेवरून उठवा, खपल्या गळून कातडी नीट होईपर्यंत चाऱ्याचं काम द्या, हात मात्र डॉक्टरला दाखवा. आजारी म्हैस शेवटी पिळायची आणि दर म्हशीला साबणाने हात धुवायचे, कितीही कंटाळा आला तरी.

लाळ्या-खुरकूत, म्हणजे जनावरांच्या तोंडात-खुरांत फोड आणणारा व्हायरसचा आजार, माणसाला होत नाही असं धरा पण माणूस तो कपड्या-बुटांवर घेऊन फिरतो, नाकातसुद्धा एखादा दिवस राहतो. म्हणून म्हशींचे व्यापारी, दलाल गेटबाहेर थांबवा, तबेल्याचे गमबूट वेगळे ठेवा. दारात धुण्याचा सोडा, लिटरला 40 ग्रॅम, रोज ताजा. दुकानदार फिनेल खपवेल, या व्हायरसवर त्याचा भरवसा नाही. आणि जास्त टाकलं की जास्त मरतं असं डोक्यातून काढा, सोडा वाढवलात तर गड्यांचे पाय सोलतील. आधी शेण खरवडा, शेणावर कुठलंही औषध ओतलं तरी वाया. ब्लीचिंगमध्ये ॲसिड तर चुकूनही नको, विषारी वायू होतो.

लाळ्या-खुरकुताची लस 2019 पासून सरकारी कार्यक्रमात फुकट आहे, 4 महिन्यांवरच्या जनावरांना, दर सहा महिन्यांनी, कानात टॅग लागतो. तापलेल्या म्हशीला टोचायची नाही, आणि दुकानात बर्फाबाहेर पडलेली बाटली स्वस्त मिळाली म्हणून आणायची नाही, परत सांगतो, आणायची नाही. सडावर फोड दिसला की जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या 1962 या सरकारी हेल्पलाइनला फोन, औषधवाल्याला नंतर.