“घरी लागलं” असं केसपेपरवर जाऊ देऊ नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात भावाचं बोट मागाच्या पट्ट्यात सापडलं, शेठ दवाखान्याचा खर्च करतायत आणि म्हणतायत, “कुठं जाऊ नका, बरा झाला की कामावर घेतो.” बारा वर्षांपूर्वी माझंही हेच झालं. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली.

वकील, युनियन, पीएफ याबद्दल बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मला जे सगळ्यात महाग पडलं तेवढंच सांगतो. डॉक्टरांनी विचारलं, “कसं लागलं?” मी तोंड उघडायच्या आत सोबतचा मुकादम म्हणाला, “घरी, मोटर दुरुस्त करताना.” हाताला आमच्याच कारखान्यातला टॉवेल गुंडाळलेला, रक्तानं चिंब, आणि मी मान हलवली. ती ओळ केसपेपरवर गेली.

तीन महिन्यांनी शेठनी हात वर केले, तेव्हा भरपाई मागायला एका कार्यालयात गेलो (नाव घेत नाही). तिथल्या माणसानं केसपेपर माझ्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. हजेरीपटावरही माझं नाव नव्हतं. कामाला आम्ही वीसच्या वर होतो, कागदावर आठ. अकरा चकरा मारल्या, प्रत्येक चकरेला एक दिवसाची मजुरी बुडाली. कुणी नीट बसवून समजावलं नाही, फक्त “पुढच्या सोमवारी या”. आजही आठवलं की जीव जळतो.

म्हणून आजच केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड बघा. चुकीचं लिहिलं असेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भावाला कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका. शेठ वाईटच असेल असं नाही, माझ्या शेठनी बिल खरंच भरलं होतं. पण बिल भरणं वेगळं आणि अपंगत्वाची भरपाई वेगळी.

ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू असेल तर कामाचा पहिला दिवस असला तरी अपघाताचा लाभ मिळतो, बरा होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के. ईएसआय नसेल तर भरपाईचा दावा. जुन्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात कमाईच्या क्षमतेचं नुकसान पूर्ण तर्जनीला १४ टक्के, दोन पेरांना ११ टक्के धरलंय. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्यात, त्यामुळे आत्ता काय लागू होतं ते कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडून पक्कं करा. मी वकील नाही, एक माग चालवणारा माणूस आहे.

पुरावा म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या, शेठचे व्हॉट्सअप मेसेज, सोबतच्या दोघांचे नंबर जपा. पट्ट्यावर जाळी नव्हती ना? फोटो लवकर काढून घ्या, अपघातानंतर जाळी बसवायला एक रात्र पुरते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी बसलेली होती.

 

केसपेपर मिळाला की “कसं लागलं” समोर काय लिहिलंय ते इथं टाका. अर्जाचा मजकूर मी लिहून देतो.